डिझेलने नासलेली माती आणि धिंगरी

गॅरेज व वर्कशॉप चालवणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंना काळी, तेलकट जमीन रोजचीच. अशी माती सुधारते काय? आम्ही सांगू, तेलापुरती सुधारू शकते.

लाकूड कुजवणाऱ्या काही बुरशा लाकडातील लिग्निन हा चिवट भाग तोडणारी विकरे सोडतात. याच विकरांनी डिझेलमधील काही चिवट घटकही तुटतात. अमेरिकेत बेलिंगहॅम येथे १९९८ साली पॉल स्टॅमेट्स यांनी डिझेल मुरलेल्या मातीच्या एका ढिगात धिंगरी अळिंबीचे बियाणे मिसळले. काही आठवड्यांनी ताडपत्री काढली, तेव्हा शेजारचे ढीग काळे व दुर्गंधीयुक्तच होते. या ढिगावर मात्र अळिंबी उगवली होती.

परंतु एक भेद ध्यानात ठेवावा. तेलातील घटक ही कार्बनची संयुगे, ती तुटतात. बॅटरीतील शिसे, चामडे कमावताना वापरलेले क्रोमियम ही मूलद्रव्ये. ती कोणतीही बुरशी नष्ट करीत नाही, उलट अळिंबीत साठू शकतात. म्हणून अशा मातीवरील अळिंबी खाऊ नये व विकूही नये.

सर्वांत स्वस्त इलाज आपल्याच हाती आहे. जळके ऑइल जमिनीवर न ओतता डब्यात साठवावे व नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यासच द्यावे.