मरणदारी

तोरणदारी नाही गेले तरी चालते, पण मरणदारी जावे, असे आपल्याकडे म्हणतात. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठले-भाकरी नेऊन देतात. बांधाचे भांडण असले तरी माणूस खांदा द्यायला जातो. पण एका मोठ्या शहरात लोक मरणदारी गेले नाहीत. ती हकिगत आम्ही आज सांगतो.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स नावाचे शहर आहे. तेथे एका माडीवर अपस्टेअर्स लाउंज नावाचे मद्यगृह होते. समलिंगी लोक तेथे जमत. ज्या पुरुषाचा जीव पुरुषावर जडतो, किंवा ज्या स्त्रीचा स्त्रीवर, त्यांना समलिंगी म्हणतात. त्यांचे एक लहानसे चर्चही होते. २४ जून १९७३, रविवारी संध्याकाळी त्या चर्चची काही मंडळी माडीवर बसली होती. कुणीतरी जिन्याला आग लावली. खिडक्यांना गज होते. ३२ माणसे मेली. त्यांत त्या चर्चचे पाद्री बिल लार्सन हेही होते. या गुन्ह्याची शिक्षा कुणालाच झाली नाही.

पुढे काय झाले? शहरातील अनेक चर्चनी अंत्यविधीला जागा दिली नाही. चार प्रेते न्यायला कुणी आलेच नाही. ती नगरपालिकेने पुरली.

पण सेंट जॉर्ज चर्चचे पाद्री विल्यम रिचर्डसन यांनी दुसऱ्याच दिवशी प्रार्थना घेतली. त्यांना शिव्यांची पत्रे आली. त्यांच्या बिशपनेही त्यांना बोल लावला. तरी ते डगमगले नाहीत.

१ जुलैला मेथडिस्ट पंथाच्या सेंट मार्क चर्चने दार उघडले. मोठी शोकसभा भरली. बाहेर वार्ताहर कॅमेरे घेऊन उभे राहिले. फोटो छापला तर नोकरी जाईल, घरचे तोडतील, अशी लोकांना भीती. पाद्री ट्रॉय पेरी म्हणाले, "ज्यांना भीती वाटते त्यांनी मागच्या दाराने जावे." मागच्या दाराने एकही माणूस गेला नाही. सारे पुढच्या दाराने बाहेर पडले.

चाळीस वर्षांनी, २०१३ साली, तेथील कॅथलिक आर्चबिशप ग्रेगरी आयमंड यांनी माफी मागितली. २०२२ साली नगरपालिकेनेही मागितली. माफी आली हे चांगले झाले. पण तोवर किती आईबाप निघून गेले असतील!

मंडळी, कुणाचे वागणे आपल्याला पटो वा न पटो, मेलेल्याच्या घरी दुःख तेच असते. तेथे आधी जावे.

प्रश्न
१. लोक पुढच्या दाराने का गेले असतील?
२. आपल्या गावात कुणाच्या मरणदारी लोक जात नाहीत? का?