बारांपैकी नऊ जण मिळाले

कशेळे, ता. कर्जत
जुलै महिना, लावणीचे दिवस

चि. बाळास,


काल रात्री ताईचा फोन आला होता. तू दोन दिवस धड जेवला नाहीस म्हणाली. मग तुझ्या गडवाटांच्या ॲपला प्ले स्टोअरकडून आलेलं, तू पाठवलेलं ते नकाराचं पत्र मी चष्मा लावून तीन वेळा वाचलं. बाळ, त्यात तुझ्या कामाबद्दल एक शब्दही नाही. ॲप समोर उघडं नसतानाही लोकेशन का घेतं याचा खुलासा द्या आणि ते वापरताना दाखवणारा छोटा व्हिडिओ जोडा, एवढंच त्यांचं मागणं आहे.

कोथळीगडाच्या वाटेवर धुकं उतरलं की पावसात फोन खिशात टाकूनच चालावं लागतं, आणि वाट चुकल्याची सूचना हवी असते ती नेमकी त्याच वेळी. हे तुला-मला माहीत आहे. तपासणाऱ्याला गडाखालच्या पेठ गावची वाट कुठून माहीत असणार? तर त्याला ती दाखव. रविवारी ये, आंबिवलीतून पेठपर्यंत चढू. तू फोन खिशात ठेवून मुद्दाम आडवाटेला जा, मी दुसऱ्या फोनवर चित्रीकरण करतो. तेवढं झालं तर हा नकार मिटेल, असं मला वाटतं.

पण तुझा राग या एका पत्रापुरता नाही, हे मी ओळखून आहे. मी मुंबईत नोकरी करत असताना भिशीचा हिशोब ठेवणारं ॲप केलं होतं, ते तुला आठवत असेल. पन्नास रुपये किंमत. कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, या महिन्यात भिशी कुणाला लागली, बस्स. पैसा एकही त्यातून फिरत नव्हता. एका सकाळी मेल आली की ॲप निलंबित केलं आहे, कारण ते पैशांच्या सोडतीचं आहे. मी भिशी म्हणजे काय ते समजावून लिहिलं. उत्तर म्हणून पहिलीच मेल पुन्हा आली. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. अकराशेच्या आसपास लोकांनी ते विकत घेतलं होतं. त्यांचे चांगले अभिप्राय एका रात्रीत गेले, आणि मला कळलं की त्या अकराशेंपैकी एकाचाही पत्ता माझ्याकडे नाही. चार वर्षं ज्यांच्यासाठी रात्री जागलो, त्यांना 'मी इथेच आहे' एवढं सांगायचीही सोय नव्हती.

मग डोंबिवलीच्या एका बाईंचा फोन आला. ॲपमधल्या 'आमच्याबद्दल' या पानावर तळाशी मी माझा नंबर टाकला होता, तो त्यांना सापडला. बाई तीन भिश्या चालवत होत्या. "भाऊ, नवा फोन घेतला तर ॲप मिळतच नाही. माझ्या बायकांचा हिशोब अडकलाय हो," म्हणाल्या. नव्या नावानं ॲप पुन्हा चढवलं, तेव्हा पहिली चाळीस गिऱ्हाइकं त्या बाईंनी आणून दिली. तो नंबर मी सहज टाकला होता. तू तो ठरवून टाक, पहिल्याच पानावर.

आपल्या भागात खावटीचा काळ तुझ्या आजीनं पाहिलेला. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की व्यापाऱ्याकडून उचल करायची आणि सुगीला वाढीदिढीनं भात त्याच्याच दारात नेऊन ओतायचं. माप त्याचं, वहीही त्याचीच. इथल्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सनं आदिवासी वाड्यांत धान्य बँका काढल्या, तेव्हा भाताचं पीक काही वाढलं नव्हतं. पण कोठार गावाचं झालं, वही गावाची झाली. मला हे काम फार मोठं वाटतं. तुझ्या धंद्यातही माझा जीव त्या वहीत, म्हणजे गिऱ्हाइकांच्या पत्त्यांत, अडकलाय.

कमिशनवर तू इतका चिडतोस, तिथे मात्र माझं मत वेगळं आहे. ॲपलनं २००८ साली ॲपचं दुकान उघडलं तेव्हापासून शंभरातले तीस कापायची रीत पडली. २०२१ पासून ॲपल आणि गूगल दोघेही आपल्यासारख्या लहानांकडून पंधरा घेतात. पंधरा टक्क्यांत तुझं दुकान जगभर लागतं. ते दे आणि विसर. चिंता करायचीच तर परताव्याची कर. गूगल प्लेवर खरेदीनंतर ४८ तासांत पैसे परत मागता येतात. तुझं ॲप शनिवारी घ्यायचं, रविवारी गड करायचा आणि रात्री पैसे परत मागायचे, हे कुणीही करू शकतो. म्हणून कोथळीगड फुकट ठेव. पदरगड, खांडसहून भीमाशंकरला जाणारा शिडी घाट, गणपती घाट, हे सगळं मिळून वर्षाच्या वर्गणीत दे. वर्षभर चालणारा माणूसच तुझा गिऱ्हाईक. एका रविवारच्या माणसाशी भांडू नकोस.

तू विचारलंस, यांना कुणी जाब विचारत नाही का? विचारतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं प्ले स्टोअरच्या बिलिंगच्या सक्तीवरून गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. अपिलात मार्च २०२५ मध्ये तो २१६.६९ कोटींवर आला. १ मार्च २०२४ ला शुल्काच्या वादात भारत मॅट्रिमनी, नौकरी डॉट कॉम, कुकू एफएम अशा कंपन्यांची ॲप्स गूगलनं काढली, तेव्हा केंद्र सरकार मध्ये पडलं आणि काही दिवसांत ती परत आली. हे भांडण न्याय्यच आहे आणि ते मोठ्यांनी लढलंच पाहिजे. पण त्याच्या निकालावर तुझी चूल अवलंबून ठेवू नकोस. आठ महिने झाले नोकरी सोडून. ठाण्यात मिळतंय ते अर्धवेळ काम धर. त्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस, आमच्या गावात भात लावून झालं की माणसं दुसऱ्या कामाला जातातच.

नावं ठेवणाऱ्यांना रागानं उत्तर देऊ नकोस. 'नेट नसताना नकाशा दिसत नाही' असं ज्यानं लिहिलंय, त्यानं नकाशा आधी उतरवून घेतला नव्हता. ती सूचना पहिल्या पडद्यावर ठळक नाही. चूक आपली आहे, सुधार आणि त्याला तसं कळव.

आता चाचणीचं. नव्या वैयक्तिक खात्यासाठी बारा जणांना सलग चौदा दिवस चाचणीत राहावं लागतं, ही प्ले स्टोअरची अट तू सांगितलीस तेव्हापासून मी गावात माणसं गोळा करतोय. भात गिरणीवाला, शाळेतले दोन गुरुजी, खांडस रस्त्याचा रिक्षावाला, पेठमध्ये ट्रेकवाल्यांना जेवण देणारं एक घर (तिथले दोघे), तुझी मामी, शेजारचा कॉलेजचा पोरगा आणि मी, असे नऊ झाले. सगळ्यांचे मेलचे पत्ते वहीत लिहून घेतलेत. गिरणीवाल्याला मेल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, त्याच्या मुलीनं खातं उघडून दिलं. लावणीमुळे माणसं शेतात आहेत, म्हणून तिघे राहिलेत. चौदा दिवसांत कुणी ॲप काढून टाकू नये म्हणून रोज संध्याकाळी एक चक्कर मी मारीन.

रविवारी येताना रेनकोट आण. कर्जतहून सकाळची गाडी पकड, मी नाक्यावर उभा असेन. उरलेले तिघे आंबिवलीत विचारू.

तुझा,
मामा