चांदणी चौकाच्या चढाला घाबरू नकोस

अगं, पुन्हा सायकल सुरू करायची म्हणतेस आणि लगेच चांदणी चौकाचा चढ पुढे करतेस. तुझं खोटं नाही. कोथरूडहून पाषाणला जाताना वर पोचेपर्यंत कुडता पाठीला चिकटतो आणि तसंच दिवसभर ऑफिसात बसायचं म्हणजे नकोच वाटतं. म्हणूनच सांगते, इलेक्ट्रिक सायकल घे. ती स्कूटर नव्हे. पायडल तुलाच मारायचंय. तू मारलंस की मोटर जोर लावते, थांबलीस की तीही थांबते. लहानपणी बाबा मागून सीट धरून ढकलायचे ना, अगदी तसं वाटतं.

'मोटर लावल्यावर व्यायाम कसला?' असं आई म्हणेल. मला ते पटत नाही. पाय फिरतात, ठोके वाढतात, अंग गरम होतं. फक्त चढावर जीव घशाशी येत नाही. साध्या सायकलपेक्षा मेहनत कमी लागते, हे खरंच. पण तुझी साधी सायकल पार्किंगमध्ये धूळ खातेय, तिच्यावर कुणाचा व्यायाम होतोय? चढाची आणि समोरच्या वाऱ्याची धास्ती गेली की सायकल रोज बाहेर निघते, आणि खरा फायदा त्या रोजच्या निघण्यातच आहे. सिग्नलवरून निघताना गुडघ्यावर जो ताण येतो, त्यातलाही बराच मोटर उचलते. जुनं दुखणं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचार.

खर्चाचं म्हणशील तर 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण चार्ज व्हायला अर्धं युनिटसुद्धा वीज लागत नाही. तेवढ्यात तुझं जाणं-येणं आरामात होतं. मोटर 250 वॉटच्या आत आणि तिची मदत ताशी 25 किलोमीटरला बंद होणारी असेल, तर लायसन्स नको, नोंदणीही नको. 'मॅडम, लिमिट काढून देतो' म्हणणारा भेटला तर ऐकू नकोस. ब्रेक आणि फ्रेम त्यापुढच्या वेगासाठी केलेली नसतात.

घेताना एवढं बघ. काही सायकलींत पायडल फिरतंय का एवढंच मोटरला कळतं; टॉर्क सेन्सर असेल तर तू किती जोर लावतेस तेही कळतं आणि मदत त्या मापानं मिळते. थोडी महाग पडेल, पण चालवताना झटके बसत नाहीत. वजन बऱ्याचदा वीस किलोच्या पुढे असतं आणि तुमच्याकडे लिफ्ट नाही, तेव्हा बॅटरी काढून वर नेता येते का, हे विचारच. नवी बॅटरी केवढ्याला पडते तेही आत्ताच विचारून ठेव, कारण काही वर्षांनी ती बदलावी लागतेच आणि तो खर्च बारीक नसतो. चार्जर कंपनीचाच वापर, रात्रभर लावून झोपू नकोस. ओढणी नीट खोचून घे आणि हेल्मेटशिवाय निघू नकोस, वेग कमी असला तरी.

बाकी रंग-बिंग नंतर. दुकानदाराला सांग, सपाट रस्त्यावरची चक्कर नको, चढावर चालवून बघायचीय. तो नाही म्हणाला तर सरळ दुसरं दुकान गाठ.