अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग : प्रवेशाआधी काय पाहावे?

प्रश्न : मी बीपीटीच्या (फिजिओथेरपीची पदवी) शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स करावे म्हणते. घरचे विचारतात, ‘जिम ट्रेनर होण्यासाठी एवढा खर्च?’
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घरच्यांना सांगा, हा व्यायाम करवून घेण्याचा नव्हे, आरोग्यसेवेचा व्यवसाय आहे. मैदानावर खेळाडू कोसळला की पहिला निर्णय अ‍ॅथलेटिक ट्रेनर घेतो. उष्माघात असेल तर आधी बर्फाच्या पाण्यात शरीर थंड करायचे, मग रुग्णालयात हलवायचे. हा क्रम जीव वाचवतो.

अमेरिकेत या व्यवसायात येण्यासाठीची पदवी आता मास्टर्सच आहे. ती साधारण दोन वर्षांची असते. प्रत्यक्ष कामात किमान सलग चार आठवडे पूर्णवेळ राहावे लागते.

अर्जाआधी दोन गोष्टी नक्की तपासा. अभ्यासक्रमाला ‘केट’ (CAATE) या मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेची मान्यता हवी, तिच्याशिवाय ‘बीओसी’ ही प्रमाणन परीक्षा देता येत नाही. आणि तो ‘प्रोफेशनल’ मास्टर्स हवा. ‘पोस्ट-प्रोफेशनल’ हा आधीच प्रमाणित असलेल्यांसाठी असतो. शिवाय प्रवेशासाठी जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, शरीररचना व शरीरक्रिया हे विषय पदवीत झाल्याचा पुरावा मागतात.

या पदवीने अमेरिकेत फिजिओथेरपिस्टचा परवाना मिळत नाही, हे लक्षात ठेवा. भारतातच काम करायचे असेल, तर क्रीडा विषयातील एमपीटी (फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी) अधिक उपयोगी. मैदानावरची तातडीची सेवा हेच ध्येय असेल, तर मात्र निःशंक अर्ज करा. आपल्या खेळाडूंना अशा प्रशिक्षित हातांची फार गरज आहे.