कोळी : अवधूतांचा तेविसावा गुरू आणि आपलं घर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

या आठवड्याचा अभ्यासपाठ घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावा. लहान मुलांना जवळ घ्यावं, कारण हा पाठ त्यांना जास्त आवडेल.

पाऊस ओसरला की आपल्याकडे नवरात्राची साफसफाई सुरू होते. लोंढा, खानापूर भागातली कौलारू घरं, चार महिन्यांची ओल, पडवीत रचलेलं सरपण, मागे परडं आणि त्यापलीकडे जंगल. अशा घरात कोळी असणारच. दरवर्षी प्रश्न येतो, "घरातला कोळी मारावा का? जळमट असलं की लक्ष्मी टिकत नाही म्हणतात, मग काय करायचं?" उत्तर आधी ग्रंथात बघू, मग घरात.

*१. ग्रंथात काय सांगितलंय*

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो. तो आपले चोवीस गुरू सांगतो. परंपरा त्या अवधूताला दत्तात्रेय मानते. या चोविसात तेविसावा गुरू आहे ऊर्णनाभी, म्हणजे आपला कोळी. एकनाथ महाराजांनी याच स्कंधावर ओवीबद्ध टीका लिहिली, ती इ.स. १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाली.

अवधूत म्हणतात ते थोडक्यात असं : कोळी स्वतःतूनच धागा काढतो, त्याचं जाळं पसरतो, त्यात खेळतो आणि शेवटी ते स्वतःतच परत घेतो. ईश्वरही हे विश्व असंच स्वतःतून मांडतो आणि स्वतःत आवरतो. सुतार लाकूड बाहेरून आणतो, कुंभार माती बाहेरून आणतो. कोळ्याला बाहेरून काही आणावं लागत नाही. म्हणून दृष्टांताला कोळीच घेतला.

हा दृष्टांत प्रत्यक्षातही खरा आहे. गोल चाकासारखं जाळं विणणारे बरेच कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि त्याच ऐवजातून नवं विणतात. आणखी एक गंमत. ग्रंथात धागा मुखातून निघतो असं वर्णन आहे. प्रत्यक्षात तो पोटाच्या मागच्या टोकातून निघतो. पण नावच बघा, ऊर्णनाभी, म्हणजे ज्याच्या नाभीत लोकर आहे तो!

*२. जाळं वेगळं, जळमट वेगळं*

या पाठाचा गाभा इथे आहे. जाळं म्हणजे ज्यात कोळी बसलाय, ज्याची तो रोज निगा राखतो. जळमट म्हणजे कोळी सोडून गेलेलं, धूळ आणि चुलीचा धूर बसून काळं पडलेलं जाळं. आपण दोन्ही एकाच झाडूनं ओढतो आणि वर कोळ्यालाही ठेचतो.

जळमट जरूर काढा. देव्हारा, स्वयंपाकघर, पाळण्याच्या वरची जागा, विजेचा बोर्ड इथे तर राहूच देऊ नका. बोर्ड झाडताना आधी मेन स्विच बंद करा. पण घर स्वच्छ ठेवायचं म्हणजे जीव मारायचा असं कुठेही सांगितलेलं नाही. जे रोज वापरात आहे त्यावर धूळ बसत नाही, जे सोडून दिलं त्याचं जळमट होतं. आपल्या नित्यनेमाचंही असंच असतंय, बघा.

*३. घरातले आणि परड्यातले शेजारी*

• *लांब बारीक पायांचा :* छताच्या कोपऱ्यात उलटा लटकतो. बोट लावलं की थरथर हलतो. माणसाला काही करत नाही.
• *चपटा मोठा, रात्री भिंतीवर दिसणारा :* हा जाळं विणत नाही, पळून शिकार करतो. झुरळं खातो. मादीच्या पोटाखाली पांढरी चपटी टिकली दिसली तर ती तिची अंड्यांची पिशवी. याला बघून सगळे किंचाळतात, पण तोच आपल्याला भिऊन पळत असतो.
• *उडी मारणारा छोटा :* वळून आपल्याकडे बघतो. माश्या आणि डास टिपतो. मुलांना हा जरूर दाखवा.
• *परड्यातला :* जाळ्यावर नागमोडी पांढरी नक्षी काढून तिच्यावर पाय जोडून बसतो. फुलीच वाटते.
• *जंगलातला मोठा :* काळा-पिवळा, दोन झाडांमध्ये मोठं जाळं. उन्हात त्याचा धागा सोनेरी दिसतो. एवढी मोठी असते ती मादी. नर अगदी चिमुकला असतो.

भिंतीवर मातीचं घर बांधणारी कुंभारीण माशीही आपल्या ओळखीची. तिच्यातल्या काही जाती पिल्लांसाठी त्या घरात कोळी पकडून ठेवतात. आणि अवधूतांच्या यादीत कोळ्याच्या लगेच पुढे, चोविसावा गुरू हीच! दोन गुरू एकाच भिंतीवर शेजारी.

कोळी बाहेर काढायचा सोपा उपाय : वर अलगद काचेचा पेला पालथा घाला, खालून जुनी लग्नपत्रिका सरकवा, परड्यात सोडा. घरात स्प्रे मारला की कोळी मरतो, औषधाचा अंश अन्नावर आणि पाळण्यात जातो, आणि डास-झुरळं खाणाराच नाहीसा होतो. दारावरचा दिवा विनाकारण रात्रभर ठेवू नका. दिव्याला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो.

*४. "कोळी मुतला" म्हणून घरी बसू नका*

अंगावर पाण्याचे फोड आले, आग झाली, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "कोळी मुतला असेल." मग लेप सुरू होतात आणि चार दिवस जातात. कोळ्याच्या मुतण्यानं असे फोड येत नाहीत. खरी कारणं बहुधा दोन.

पहिलं, *नागीण.* अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड, आणि फोडांच्या आधीपासूनच ठणका. हा विषाणूचा आजार आहे. त्याचं औषध ७२ तासांच्या आत सुरू झालं तर चांगला उपयोग होतो. उशीर झाला तर, विशेषतः वयस्कर माणसांत, फोड बरे झाल्यावरही महिनोन्‌महिने दुखत राहू शकतं. फोड डोळ्याजवळ किंवा नाकावर असतील तर त्याच दिवशी डॉक्टर.

दुसरं, पावसाळ्यात ट्यूबलाइटला येणारा *काळा-नारिंगी छोटा किडा.* तो अंगावर चिरडला की त्याच्या रसानं कातडी भाजते, दुसऱ्या दिवशी रेघेसारखे फोड येतात. तो अंगावर बसला तर चापट मारू नका, फुंकून उडवा आणि जागा साबणानं धुवा.

आजी-आजोबांना "काही नाही, कोळीच आहे" असं वाटलं तरी मुला-सुनांनी त्यांना दवाखान्यात न्यावं. हीच सेवा.

खरोखर कोळी चावला तर जागा साबण-पाण्यानं धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा. आपल्या घरातल्या कोळ्यांपासून सहसा यापुढे काही होत नाही. सूज वाढली, ताप आला, श्वासाला त्रास झाला, तर डॉक्टरांकडे जा.

*५. आठ पायांचे तिघे*

कोळी, विंचू आणि गोचीड, तिघांनाही आठ पाय. भीती मात्र आपण कोळ्याचीच जास्त बाळगतो.

*विंचू :* सरपण उचलताना, चपला घालताना झटकून बघा. लाल विंचवाचा डंख लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतो. मंत्र-उतारा करत वेळ घालवू नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधानं विंचूदंशाचे असंख्य रुग्ण वाचवले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. उपचार आहे, फक्त वेळेत पोचायला हवं.

*गोचीड :* माकडताप हिच्यामुळे पसरतो. १९५७ मध्ये शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५ मध्ये आपल्या शेजारच्या गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात रुग्ण आढळले. काजूला, सरपणाला जंगलात जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत, घरी आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करून अंग तपासावं. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा. अचानक जोराचा ताप, डोकं-अंग दुखणं सुरू झालं तर "जंगलात गेलो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

विवेक म्हणजे तरी काय? ज्याला जपायचं त्याला मारू नये, आणि ज्याला जपून राहायचं त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये.

*या आठवड्याचा घरचा अभ्यास*

१. घरातली जळमटं काढा, जिवंत जाळी मोजा. मोजायचं काम मुलांना द्या.
२. एक तरी कोळी पेल्यानं बाहेर सोडा, न मारता.
३. सकाळी दव असताना परड्यातलं एक जाळं पाच मिनिटं शांत बसून बघा. बोलायचं नाही, फोटो काढायचा नाही.
४. रात्री प्रार्थनेनंतर एकमेकांना विचारा : माझ्या आयुष्यात जाळं कुठलं आणि जळमट कुठलं?

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥