हातांचे बोलणे

मंडळी, तुम्हाला लिहिता येत नव्हते ते दिवस आठवतात ना? पत्र धाडायचे झाले, की दुसऱ्याच्या दारी जावे लागे. आपण सांगायचे, त्याने लिहायचे. आपले म्हणणे कागदावर नीट उतरले की नाही, ते कसे कळणार? आज आम्ही अशीच एक गोष्ट सांगणार आहोत. मात्र या गोष्टीत लेखणीच्या जागी कॅमेरा आहे.

उत्तर अमेरिकेत मोठमोठी गवताळ मैदाने आहेत. गोरे लोक येण्याआधीपासून तिथे अनेक आदिवासी जमाती राहतात. एका जमातीची बोली दुसरीला कळत नसे. मग ते हातांच्या खुणांनी बोलत. देवघेव, तह, गोष्टीवेल्हाळपणा, सारे काही हातांनी चाले. हे नुसते हातवारे नव्हते. ती पुरी भाषा होती. जमातीतल्या बहिऱ्या माणसालाही तिचा आधार असे.

पुढे गोऱ्यांचे राज्य आले. आदिवासींची पुष्कळ मुले घरापासून दूर, वसतिगृहाच्या शाळांत नेली. तिथे घरची भाषा बोलायला बंदी असे. बहिऱ्यांच्या शाळेत गेलेली मुले तिथली वेगळी खूणभाषा शिकली. हळूहळू जुन्या खुणा जाणणारे थोडेच उरले.

१९३० सालच्या सप्टेंबरात अमेरिकेत मॉन्टाना राज्यातल्या ब्राउनिंग गावी एक परिषद भरली. ह्यू स्कॉट नावाच्या निवृत्त सेनापतीने निरनिराळ्या जमातींची जाणती माणसे बोलावली. तीन दिवस ती खुणांनी बोलली आणि त्याचा चित्रपट काढला गेला. खूण कागदावर नीट उतरत नाही, पण चित्रपटात ती जिवंत राहते. काम मोलाचे झाले. तरी कॅमेरा अजून बाहेरच्यांच्याच हाती होता.

शेजारच्या कॅनडात १९६८ साली सरकारी चित्रपट मंडळाने आदिवासी तरुणांना कॅमेरा शिकवायला घेतला. त्याच वर्षी मोहॉक जमातीच्या लोकांनी सरहद्दीवरच्या पुलाचा रस्ता अडवला. सामानावरची जकात त्यांना मान्य नव्हती. या प्रसंगाचा माहितीपट १९६९ साली निघाला. तो घडवण्यात माइक मिचेल हा मोहॉक तरुण पुढे होता. पण दिग्दर्शक म्हणून त्याला मान्यता मिळाली ती २०१७ साली! १९९९ साली कॅनडात आदिवासींचे स्वतःचे टेलिव्हिजनही देशभर सुरू झाले.

आता समजा, एक आदिवासी तरुणी आहे. ती बहिरी आहे. तिला टेलिव्हिजनसाठी माहितीपट काढायचे आहेत. लोक म्हणतील, "हिला ऐकू येत नाही, ही काय चित्रपट काढणार?" पण बघा, आवाजाचे काम सोबतचा माणूस सांभाळतो. दुभाषा बोलणे खुणांत सांगतो. कॅमेऱ्याला तर डोळेच लागतात!

उलट, काही गोष्टी तिलाच चटकन उमजतात. ऐकणारा माणूस पडद्यावर बोलत असला, तर मध्येच नदी दाखवली तरी चालते. आवाज कानावर येतच असतो. पण खुणांनी बोलणाऱ्या आजीवरून कॅमेरा नदीकडे वळवला, तर आजीचे बोलणेच तुटते. नुसता चेहरा दाखवला आणि हात चौकटीबाहेर राहिले, तरी तेच. म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवल्यासारखे झाले. म्हणून हात आणि चेहरा दोन्ही दिसले पाहिजेत. ज्यांना खूणभाषा येत नाही, त्यांच्यासाठी पडद्यावर खाली वाक्ये लिहावीत.

कॅनडाच्या संसदेने २०१९ साली एक कायदा केला. आदिवासींच्या खूणभाषा याही तिथल्या बहिऱ्या लोकांच्या मुख्य भाषा आहेत, असे त्यात मान्य केले. कायदा झाला हे चांगलेच झाले. पण भाषा जगते ती बोलणाऱ्यांमुळे. म्हाताऱ्यांच्या हातांत आहे ते वेळीच टिपून ठेवले पाहिजे. तसे टिपणारी माणसे त्यांच्यातलीच असली, तर त्या खुणांचा अर्थ बिघडत नाही.

मंडळी, स्वतः लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आनंद तुम्ही जाणता. त्या तरुणीचा पहिला माहितीपट म्हणजे तिचे पहिले पत्रच नव्हे काय?

विचार करा :
१. खूणभाषा कागदापेक्षा चित्रपटात चांगली का टिकते?
२. खुणांनी बोलणाऱ्याचे हात पडद्यावर दिसले नाहीत, तर काय होईल?
३. तुमच्या गावात बहिरे माणूस आहे का? त्याच्याशी तुम्ही कसे बोलता?