डॉल्फिनचा गोवर

गोवर म्हटलं की ताप, अंगभर पुरळ आणि उशाशी ठेवलेला कडुलिंबाचा पाला आठवतो. पण मित्रांनो, हा गोवर समुद्रातही पोचलाय, हे किती जणांना ठाऊक आहे? मी मेकॅनिकलचा विद्यार्थी, बायॉलॉजीशी माझं नातं बारावीलाच तुटलं. तरीही या विषयाने मला धरून ठेवलं, कारण यात आपल्या कामाचा एक धडा आहे.

माणसाचा गोवर, कुत्र्यांचा डिस्टेंपर, गुरांची बुळकांडी (ही २०११ साली जगातून नष्ट झाल्याचं जाहीर झालं) हे सगळे एकाच कुळातल्या विषाणूंचे रोग. या कुळाचं नाव मॉर्बिलिव्हायरस. डॉल्फिन आणि व्हेल यांना होणारा विषाणू याच घरातला.

तो पसरतो कसा?

डॉल्फिन मासा नाही. त्याला फुफ्फुसं आहेत आणि श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. कळपातले डॉल्फिन शेजारी-शेजारी वर येऊन जोरात श्वास सोडतात. त्या तुषारांतून विषाणू शेजाऱ्याच्या फुफ्फुसात जातो. अगदी आपल्या हॉस्टेलच्या सर्दीसारखा! पुढे न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, प्रतिकारशक्ती ढासळते आणि मग बुरशी, जिवाणू अशा इतर रोगांचंही फावतं.

चुकलेलं निदान

१९८७-८८ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत, सातशेहून अधिक डॉल्फिन मरून वाहत आले. तपास झाला. काहींच्या शरीरात 'रेड टाईड'चं, म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाचं विष सापडलं. दोष त्या विषाला दिला गेला. प्रकरण मिटलं.

पण मेलेल्या डॉल्फिनच्या अवयवांचे तुकडे कोणीतरी मेणाच्या ठोकळ्यांत जपून ठेवले होते. १९९४ मध्ये थॉमस लिप्सकोम्ब आणि सहकाऱ्यांनी ते पुन्हा तपासले, तेव्हा त्यात मॉर्बिलिव्हायरसच्या खुणा मिळाल्या. पुढे जेफ्री टॉबेनबर्गर यांच्या मदतीने त्याच तुकड्यांवर पीसीआर तंत्र वापरलं गेलं. पीसीआर म्हणजे रेणूंचं झेरॉक्स मशीन. दर फेरीला प्रती दुप्पट, म्हणजे ३० फेऱ्यांत एकाच्या जवळजवळ १०७ कोटी! (दोनाचा तिसावा घात, कॅल्क्युलेटरवर करून बघा.) विषाणूची ओळख पक्की झाली.

गोष्ट इथे संपत नाही. सडलेल्या, जुन्या मांसातून विषाणूचे अवशेष काढता येतात, हा आत्मविश्वास घेऊन टॉबेनबर्गर १९१८ च्या फ्लूकडे वळले. याच साथीने भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली होती. त्या वर्षी मेलेल्या अमेरिकन सैनिकाच्या फुफ्फुसाचा तुकडाही असाच मेणात पडून होता. १९९७ मध्ये त्यातून फ्लूच्या जनुकांचे तुकडे वाचले गेले. डॉल्फिनसाठी केलेली मेहनत माणसाच्या उपयोगी पडली ती अशी.

साथ पुन्हा येते

२०१३ ते २०१५ मध्ये त्याच किनाऱ्यावर पुन्हा साथ आली आणि सोळाशेहून अधिक डॉल्फिन किनाऱ्याला लागले. साथीतून वाचलेल्यांना प्रतिकारशक्ती मिळते, पण ते म्हातारे होऊन मरतात आणि रोग कधी न पाहिलेली पिल्लं वाढत जातात. पुरेशी संख्या झाली की ठिणगी पडायचा अवकाश. माणसाच्या गोवरावर लस आहे, पण समुद्रातल्या हजारो डॉल्फिनना सुई टोचणार कोण? म्हणून किनाऱ्यावर लागलेला प्रत्येक डॉल्फिन तपासणं आणि नमुने जपणं एवढंच हातात उरतं.

आता आपला धडा. शाफ्ट तुटला की आपण कारण लिहून मोकळे होतो, 'ओव्हरलोड'. तुकडा भंगारात. पण पहिलं उत्तर चुकीचं असू शकतं आणि खरं उत्तर शोधणारं यंत्र कदाचित अजून तयारच झालेलं नसतं. तेव्हा तुकडा ठेवा, त्यावर तारखेची चिठ्ठी लावा आणि रीडिंग खोडू नका. पुढचा कोणीतरी तुमचे आभार मानेल.